बेटांवरून आलेल्या वादळाचा माग

१६ मे २०२१ चा रविवार आपल्या पेडणे तालुक्यातील माणूस सहजासहजी विसरणार नाही. वैशाख चालू होता; अक्षय्य तृतीया होऊन दोनच दिवस झाले होते. घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, जी लगबग असावयाची ती महामारीच्या निर्बंधांमुळे निम्मीच झाली होती. तरी अंगणात सोले वाळत होती आणि मानकुरादाचे शेवटचे आंबे झाडांवर होते. त्या दिवशी पहाटेपासून माडांच्या शेंड्यांत जो घोंघाव सुरू झाला तो दिवस मावळेपर्यंत थांबला नाही. आंबे तर गेलेच, परंतु ज्या झाडांवर ते होते त्यांतली कित्येक झाडेही गेली. विजेचे खांब आडवे झाले, रस्ते बंद पडले, आणि काही गावांत पुढे कित्येक रात्री दिव्याच्या उजेडात काढाव्या लागल्या. गोव्यात त्या वादळाने दोघांचे प्राण घेतले. वादळाचे नाव 'तौक्ते'. हे नाव म्यानमार देशाने सुचविलेले असून त्याचा अर्थ मोठ्याने ओरडणारी एक जातीची पाल असा आहे.

यंदा नववीच्या वर्गात अक्षांश-रेखांशांचा अभ्यास घेताना मी हेच वादळ उदाहरणादाखल निवडले. हवामान खात्याने प्रसिद्ध केलेल्या स्थानांवरून मुलांनी नकाशावर बिंदू मांडले व ते जोडून वादळाच्या वाटेची रेषा काढली. एका मुलाने पट्टी लावून त्या रेषेपासून पणजीचे अंतर मोजले आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले, "सर, वादळ आमगेर आयलेंच ना! सव्वाशें किलोमीटर भायल्यान गेलें." त्याचे मोजमाप अगदी बरोबर होते. मात्र त्याच दिवशी त्याच्याच घरच्या गोठ्याचे छप्पर उडून शेजाऱ्याच्या कुळागरात पडले होते, ही गोष्ट मागच्या बाकावरच्या मित्राने त्याला तत्काळ आठवून दिली. वर्गात हशा पिकला. रेषाही खरी आणि छप्परही खरे. मग चूक कोठे झाली? प्रस्तुत लेख त्या हशातून निघाला आहे.

प्रथम तुम्हीही तो नकाशा काढून पाहा. भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा नकाशा घ्या. १४ मे २०२१, शुक्रवार, सकाळी साडेआठ वाजता कमी दाबाचे केंद्र १०.५ अंश उत्तर अक्षांश व ७२.३ अंश पूर्व रेखांश येथे होते, म्हणजे लक्षद्वीपातील अमिनी बेटाच्या दक्षिण-नैर्ऋत्येस सुमारे ८० किलोमीटरांवर. हा पहिला बिंदू. त्या वेळी त्याला नावसुद्धा नव्हते. ते नुसते कमी दाबाचे क्षेत्र होते. त्या दिवसात त्याने बळ धरले आणि बेटांच्या रांगेतून उत्तरेकडे सरकत असता रात्री त्याचे चक्रीवादळ झाले. दुसरा बिंदू १६ मे, रविवार, पहाटे साडेपाचचा: १५.० अंश उत्तर, ७२.७ अंश पूर्व. पणजीच्या पश्चिम-नैर्ऋत्येस सुमारे १३० किलोमीटर. या वेळेपर्यंत ते 'अति तीव्र' या वर्गात पोचले होते, म्हणजे केंद्राजवळील वाऱ्याचा वेग ताशी ११८ किलोमीटरांच्या वर गेला होता. तिसरा बिंदू सोमवारी, १७ मे रोजी रात्रीचा. आठ ते अकरा या वेळात वादळाने दीवच्या ईशान्येस सुमारे २० किलोमीटरांवर सौराष्ट्राचा किनारा ओलांडला.

आता थोडे गणित करा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पहिल्या व दुसऱ्या बिंदूंत साडेचार अंशांचे अंतर आहे, म्हणजे जवळजवळ ५०० किलोमीटर. आणि वेळ ४५ तास. भागाकार केला म्हणजे ताशी अकरा किलोमीटर येतात. या उत्तरापाशी मुले नेहमी अडतात. ताशी अकरा किलोमीटर म्हणजे सावकाश चालणाऱ्या सायकलचा वेग. मग झाडे उपटणारे वारे ते कोणते? येथे भोवरा आठवावा. भोवरा गरगर फिरतो भरधाव, परंतु जमिनीवरून सरकतो हळूहळू. वाऱ्याचा वेग ही फिरण्याची गती आणि वादळाचा वेग ही सरकण्याची गती. या दोहोंची गल्लत करू नये. दुसऱ्या व तिसऱ्या बिंदूंमधला हिशेब केल्यास सरकण्याची गती ताशी सोळा-सतरा किलोमीटरांपर्यंत वाढलेली दिसेल. वादळाचा वेग एकसारखा राहील असे समजून जो "अजून अवकाश आहे" म्हणून बसतो, त्याचा हिशेब असा चुकतो.

चक्रीवादळाची उत्पत्ती पाठ्यपुस्तकात दिलेली आहेच. येथे थोडक्यात सांगतो. समुद्राच्या वरच्या थराचे तापमान २६-२७ अंश सेल्सियसच्या वर असले की त्यावरील दमट हवा वर चढते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, त्यावेळी बाहेर पडणारी उष्णता हवेला आणखी वर ढकलते, आणि खाली दाब कमी होऊन चोहोबाजूंची हवा तिकडे धाव घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ न जाता वळते. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. ऐन पावसाळ्यात समुद्र उष्ण असूनही अशी वादळे क्वचित होतात, कारण मान्सूनचे खालचे वारे एका दिशेने व वरचे वारे दुसऱ्या दिशेने वाहतात आणि वादळाचा मनोरा उभा राहण्यापूर्वीच कलंडतो. म्हणून आपल्या समुद्रात त्यांचे दोन हंगाम: पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा सरल्यावर.

आता खऱ्या विषयाकडे, म्हणजे बेटांकडे, वळू. लक्षद्वीपाची ३६ बेटे मिळून भूमी अवघी ३२ चौरस किलोमीटर. आपल्या एकट्या पेडणे तालुक्याच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतकी. त्यांतील दहा बेटांवर कायमची वस्ती आहे. अमिनी तर अडीच-पावणेतीन चौरस किलोमीटरांचे. धारगळचा माणूस सकाळी निघाला तर न्याहारीच्या वेळेपर्यंत त्याला प्रदक्षिणा घालून परत येईल. ही बेटे पोवळ्यांची असून समुद्रसपाटीपासून थोड्याच मीटर उंचीची आहेत. डोंगर नाही, टेकडी नाही, आत पळून जावे असा 'आत'च नाही. अशा बेटावरून वादळ जाते तेव्हा वादळाला त्याची जाणीवही होत नाही. किनारा ओलांडून जमिनीवर आलेले वादळ समुद्राची ऊब तुटल्यामुळे क्षीण होत जाते. परंतु एवढ्याशा भूमीने त्याचे काय अडावे?

मात्र वादळाच्या वाटेचा शोध घेणाऱ्याला अशी बेटे फार उपयोगी पडतात. ते कसे, हे समजण्यासाठी एक जुना नियम ध्यानी घ्यावा. बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८५७ साली तो प्रसिद्ध केला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता कमी दाबाचे केंद्र आपल्या डाव्या हाताला, किंचित पुढच्या अंगास असते. यंत्र नको, वीज नको; पाठीला वारा समजला म्हणजे झाले.

आता हा नियम आगत्ती व अमिनी या दोन बेटांना लावून पाहा. आगत्ती पश्चिमेस, अमिनी पूर्वेस. दोहोंमध्ये सुमारे सत्तर किलोमीटर पाणी. एखादे केंद्र दक्षिणेकडून येऊन दोहोंच्या मधून उत्तरेला गेले असे समजा. अमिनीवर वारा प्रथम पूर्वेकडून वा आग्नेयेकडून येईल, केंद्र पश्चिमेस आले की दक्षिणेकडून, आणि ते वायव्येस सरकले की नैर्ऋत्येकडून. म्हणजे वातकुक्कुट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरेल. आगत्तीवर नेमके याच्या उलट: प्रथम ईशान्येचा वारा, मग उत्तरेचा, मग वायव्येचा. दोन बेटांवरचे दोन वातकुक्कुट परस्परविरुद्ध फिरू लागले की केंद्र दोहोंच्या मधून जात आहे हे उपग्रहाविनासुद्धा सिद्ध होते. दोन्ही एकाच बाजूस फिरले तर केंद्र दोघांच्याही एकाच अंगाने जात आहे. त्याच्या जोडीला वायुभारमापकातील पारा पाहिला, तर ज्या घटकेला तो सर्वांत खाली जाऊन पुन्हा चढू लागतो ती केंद्र सर्वांत जवळ आल्याची घटका.

आणि केंद्र बेटाच्या माथ्यावरूनच गेले तर? परिपक्व वादळाच्या मध्यभागी जो शांत भाग असतो त्याला वादळाचा डोळा म्हणतात. तो बेटावर आला की वारा एकाएकी पडतो, पाऊस थांबतो, कधीकधी वर आकाशही दिसते. लोक छप्पर पाहण्यासाठी बाहेर येतात. मग अर्ध्या-पाऊण तासाने, कधी त्याहून लवकर, वारा पूर्वीच्या नेमक्या उलट दिशेने आणि तितक्याच जोराने कोसळतो. पहिल्या वाऱ्याने जे एका बाजूस वाकवून ठेवलेले असते ते दुसरा मोडून टाकतो. कॅरिबियन समुद्रातील बारबुडा या लहानशा बेटावरून ६ सप्टेंबर २०१७ रोजी 'इर्मा' वादळाचा डोळा असाच गेला. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र मध्येच निकामी झाले, बहुतेक सर्व घरांची मोडतोड झाली, आणि दुसरे वादळ येत असल्याचे कळल्यामुळे सगळी वस्ती शेजारच्या अँटिग्वा बेटावर हलवावी लागली. तौक्ते लक्षद्वीपातून गेले तेव्हा ते बाल्यावस्थेत होते, त्याला असा डोळा आलेला नव्हता. हे बेटांचे सुदैव म्हणावयाचे.

तिकडच्या वादळांना 'हरिकेन' म्हणतात. हा शब्द त्या बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिश लोकांनी उचलला. पोर्तुगीज शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना त्याचे 'फुराकांव' हे रूप परिचयाचे असेल. या हरिकेनांचा माग घेण्याचे शास्त्र ज्यांनी उभारले त्यांपैकी एक शाळेतलाच गृहस्थ होता, ही गोष्ट शाळेच्या अंकात सांगितल्यावाचून राहवत नाही. क्यूबातील हवाना येथे बेलेन नावाच्या जेझुइट विद्यालयाला जोडून एक वेधशाळा होती. १८७० पासून फादर बेनितो विन्येस तिचे प्रमुख होते. उंच आकाशातील पिसांसारखे ढग कोणत्या दिशेकडून पंख्याप्रमाणे पसरतात हे ते पाहत, आणि त्यावरून अदृश्य वादळाच्या केंद्राची दिशा ताडीत. १८७५ च्या सप्टेंबरात त्यांनी हरिकेन येण्यापूर्वीच त्याची सूचना प्रसिद्ध केली. परंतु एकट्याच्या डोळ्यांना किती दिसणार? म्हणून त्यांनी पूर्वेकडील बेटाबेटांवर निरीक्षक मिळविले आणि तारायंत्राने त्यांच्या नोंदी हवानात येऊ लागल्या. वादळ पूर्वेच्या बेटावर असे तेव्हा त्याची तार हवानाच्या मेजावर असे. आधीच्या बेटाने सोसावे आणि पुढच्याने सावध व्हावे, असा तो व्यवहार होता.

आपल्या समुद्रात एके काळी ही तारसुद्धा नव्हती. १८४७ साली लक्षद्वीपावर जे प्रचंड वादळ आले त्यात कल्पेनी व आन्द्रोत या बेटांची धूळधाण झाली. कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्याला पोवळ्याच्या दगडगोट्यांचा एक लांबलचक बांध आजही आहे. तो त्या वादळाच्या लाटांनी रचला असे मानतात. खोल समुद्रातून एकदम वर आलेल्या अशा बेटांवर पाण्याची पातळी उथळ किनाऱ्याइतकी चढत नाही, परंतु लाटा मात्र पूर्ण उंचीने येऊन आदळतात, याचा तो बांध म्हणजे प्रत्यक्ष पुरावा होय. त्या बेटांवर कण्णूरच्या राजघराण्याची सत्ता होती. बेटे सावरण्यासाठी राजाने ईस्ट इंडिया कंपनीकडून कर्ज घेतले; ते फिटेना, व्याज साचत गेले, आणि त्या कर्जापायी शेवटी बेटांचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. वादळाने एका दिवसात केलेले नुकसान इतक्या दूरवर पोचले.

दीडशेहून अधिक वर्षांनी, २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस 'ओखी' आले. हे नाव बांगलादेशाने दिलेले; अर्थ 'डोळा'. कन्याकुमारीच्या दक्षिणेस ते काही तासांतच बळावले. त्यावेळी केरळ व तामिळनाडूच्या शेकडो होड्या आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. किनाऱ्यावर दिलेली सूचना त्यांच्या कानी पडणार कशी? शेकडो कोळी बांधव परत आले नाहीत. मिनिकॉय व कल्पेनी यांना तडाखा देऊन वादळ उत्तरेला वळले. ज्या होड्या वाचल्या त्यांतल्या ६८ होड्या ९५२ माणसांसह आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागल्या. देवगडच्या बंदरात मल्याळी बोलणारी माणसे उतरली तेव्हा कोठे कित्येक घरांना आपला माणूस जिवंत असल्याचे कळले. गोव्यात तेव्हा वारा फारसा नव्हता, परंतु डिसेंबरच्या आरंभी समुद्र एकाएकी पुढे सरसावला आणि मोरजी, मांद्रे या बाजूच्या वाळूवरील झोपड्यांत पाणी शिरले. वादळ शेकडो किलोमीटर दूर, आणि त्याच्या लाटा आपल्या दारात!

तौक्तेच्या वेळी स्थिती पुष्कळ सुधारलेली होती. १३ मे रोजी लक्षद्वीपाजवळ कमी दाबाचे क्षेत्र दिसू लागले तेव्हापासून इन्सॅट उपग्रहांची नजर त्यावर होती. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर राहून एकाच प्रदेशाकडे अखंड पाहत असतात. वादळ किनाऱ्यालगतहून चालले तसे कोचीच्या रडारकडून ते गोव्याच्या रडारकडे, तेथून मुंबईच्या रडारकडे सोपविले गेले. एका गावच्या पाटलाने पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवून पुढच्या गावच्या स्वाधीन करावे, तसे. वादळ चालू असता दर तीन तासांनी पत्रक निघे. तरीही मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रात पी-३०५ या तराफ्यावर २६१ माणसे होती. नांगर तुटून तो भरकटला व १७ मे रोजी बुडाला. नौदलाच्या कोची व कोलकाता या नौकांनी खवळलेल्या समुद्रातून पुष्कळांना उचलले. तरी साठांहून अधिक माणसे दगावली.

हे सगळे वर्गात सांगून झाल्यावर मी त्या मुलाला त्याचा नकाशा पुन्हा पुढे घेण्यास सांगितले. रेषा म्हणजे केवळ केंद्राची वाट. केंद्राभोवती झाडे पाडणारा वारा शंभर-दीडशे किलोमीटर पसरलेला असतो, पाऊस त्याहूनही दूरवर, आणि लाटा तर ओखीने दाखविले तशा कोठच्या कोठे जातात. शिवाय उद्याची रेषा काढायची झाली तर तिच्यात चूक असणारच. चोवीस तास आधीच्या भाकितात आजही पन्नास ते शंभर किलोमीटरांचा फरक पडू शकतो. म्हणून हवामान खाते पुढची वाट केवळ रेषेने न दाखविता रुंदावत जाणाऱ्या शंकूने दाखवते. मुलाने पेन्सिल आडवी धरून रेषेच्या दोन्ही बाजूंस करडा पट्टा भरला. गोवा त्यात बुडाला. मग त्याने स्वतःहून मागे जाऊन लक्षद्वीपावरही पट्टा ओढला आणि विचारले, "शुक्रवारी हांगाचो वारो कसो आशिल्लो, तें कोणें बरयलां?"

लिहिणारा असतो. अमिनीला व मिनिकॉयला हवामान खात्याची निरीक्षणकेंद्रे आहेत. तेथे ठरलेल्या वेळी कोणीतरी माणूस वाऱ्याची दिशा, वेग, हवेचा दाब व पाऊस यांची नोंद करतो. शुक्रवारी त्याच्या डोक्यावरचे माड वाकत होते तेव्हाही नोंद चुकवून चालण्यासारखे नव्हते, कारण आपला रविवार त्या आकड्यांवर अवलंबून होता. अमिनीहून गोवा सुमारे ५०० किलोमीटर, आणि वादळाची चाल ताशी अकरा किलोमीटर. हे ४५ तास आपल्याला त्या बेटाने दिले.

त्या रविवारी धारगळात ज्यांनी वाऱ्याची नोंद ठेवली असेल त्यांना बाइस बॅलटचा नियम पडताळून पाहता येईल. केंद्र आपल्या पश्चिमेने उत्तरेकडे गेले, म्हणजे आपण अमिनीच्या बाजूचे. वारा आधी पूर्व-आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, मग नैर्ऋत्येचा असावयास हवा. ज्यांच्या घरी नोंद नाही त्यांनी पडलेली झाडे आठवावीत: पहाटे पडलेल्या झाडाचा शेंडा कोणत्या दिशेस होता आणि दुपारी पडलेल्याचा कोणत्या? आमच्या वर्गातील मुलांनी घरोघर विचारून अशा अकरा झाडांची माहिती आणली. त्यांपैकी आठ नियमाप्रमाणे निघाली. दोन आधीच कललेली होती. आणि एका फणसाविषयी आजोबा व आजी यांचे एकमत होऊ शकले नाही.

यंदा वर्गाने एक वही घातली आहे. एप्रिलच्या पंधरवड्यापासून जूनपर्यंत, आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर, रोज सकाळी साडेआठला, म्हणजे वेधशाळांच्या वेळेसच, वाऱ्याची दिशा लिहावयाची. सुट्टीत ज्याचे घर शाळेजवळ त्याने लिहावयाची. वातकुक्कुट पत्र्याचा असून शाळेच्या छपरावर बसविला आहे; तो उत्तरेकडे थोडा अडखळतो, त्याला तेल घालावयाचे आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्या मुलाने तौक्तेचा नकाशा चिकटविला आहे. त्यात अमिनीच्या बिंदूपाशी शुक्रवार, सकाळी साडेआठ, असे लिहिले आहे, आणि धारगळच्या बिंदूपाशी गोठ्याचे छप्पर.